पायाआधीचा आवाज

लहू सरवदेचा कान खोटं बोलायचा नाही. सव्वीस वर्षं त्यानं शिकागोतल्या लिफ्टी दुरुस्त केल्या होत्या. बार्शीला आयटीआय केलं, मुंबईत दहा वर्षं काढली, मग कंपनीनं इकडे आणलं आणि नेपरव्हिलला घर झालं. चाळीस मजल्यांच्या बिल्डिंगीत तो मशीनरूममध्ये डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "तिसरं बेअरिंग चाललंय. पंधरा दिवस धरा." लोक हसायचे. पंधराव्या दिवशी त्यालाच फोन करायचे.

त्यामुळे त्यानं बुधवारी दुपारी रॉकफर्डच्या स्टेडियममध्ये दोन आवाज ऐकले म्हणजे दोनच होते. एक नाही, तीन नाही.

आता हा स्टेडियमात काय करत होता, तर त्याचा एकुलता एक पोरगा कुशल रॉकफर्ड फोर्ज या टीममध्ये नवा पंटर म्हणून लागला होता. अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नसतो. अंड्यासारखा बॉल, तो छातीशी धरून पळायचं, चार दमांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तीन दमांत नाही जमलं की कोच तोंड वाकडं करतो आणि पंटरला आत पाठवतो. पंटरनं बॉल हातातून सोडायचा आणि लाथ घालून लांब, उंच उडवायचा. उंच अशासाठी, की बॉल हवेत आहे तोवर आपली माणसं पळत जाऊन खाली उभी राहतात. सव्वाचार सेकंद राहिला तर चालतं. पाच राहिला तर मोठे मोठे कोच घड्याळाकडे परत बघतात. एका मॅचमध्ये चार-पाच वेळा हे काम. बाकी वेळ बाकावर. पंटर आत आला म्हणजे आपलं फसलं, एवढंच पब्लिकला कळतं, म्हणून टाळ्या नाहीत.

"लग्नात आचाऱ्याला तरी कुणी विचारतं," कांता म्हणायची. कांता म्हणजे लहूची बायको. "तुमच्या पोराला तेवढंही नाही."

"आपल्या पोराला म्हण," लहू म्हणायचा.

"जिंकला की आपला."

शाळेत असल्यापासून कुशल लाथ मारायचा आणि लहू पन्नास यार्डांवर उभा राहून झेलायचा. उन्हात, चिखलात, बर्फात. एका हातात स्टॉपवॉच. पोराच्या लाथेचा आवाज त्याला बेअरिंगसारखा पाठ होता. ओल्या ढोलकीवर पंजा पडावा तसा, थोडा पसरट, ठप्प. कॉलेज झालं, मग दोन टीमच्या कॅम्पमधून कुशलला घरी पाठवलं. तिसऱ्यांदा फोन आला तो नोव्हेंबरात. फोर्जनं त्यांचा सतरा वर्षांचा जुना पंटर काढला होता. वॉल्ट हेगन त्याचं नाव. एक्केचाळीस वय, कंबर गेलेली. कोच कुशलला म्हणाला, "सीझनच्या पाच मॅच उरल्यात. पाच तू मार. मग बघू ठेवायचं का."

एवढंच पणाला लागलं होतं. पाच मॅच.

तर त्या पहिल्या बुधवारी लहू तारेच्या कुंपणापाशी उभा होता. रस्टी नावाचा आडदांड गडी, बॉल दोन पायांमधून मागे फेकणारा, त्यानं बॉल फेकला. कुशलनं धरला, दोन पावलं टाकली, बॉल सोडला. आणि कुशलचा पाय बॉलला लागायच्या आधी, केसभर आधी, लहूला आवाज आला.

धक्क.

घट्ट, कोरडा, लिफ्टचं जड दार चौकटीत बसावं तसा. मग त्याच्यामागून ठप्प, पोराचा. बॉल असा वर गेला की लहूनं मान मागे टाकली तरी दिसेना. स्टॉपवॉच पाच पूर्णांक एकवर थांबलं.

कोचनं चष्मा काढला. रस्टी कमरेत वाकलेला होता तो तसाच राहिला. मग सरळ झाला आणि मागे बघण्याऐवजी त्यानं आधी डावीकडे बघितलं, जिथे कुणी नव्हतं.

प्रॅक्टिस संपल्यावर रस्टी कुंपणापाशी पाणी प्यायला आला. "तुम्ही याचे डॅड?" त्यानं विचारलं. "चांगला मारतो पोरगा."

"थँक यू."

"बारा वर्षं मी वॉल्टला बॉल दिला," रस्टी म्हणाला. "मागे न बघता मला कळायचं तो कुठे उभा आहे. आजही कळत होतं." त्यानं बाटली अर्धी प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली, त्या थंडीत, आणि निघून गेला.

लहू गाडीत बसला. दोन आवाज. घरी जाईपर्यंत दीड तास तो त्यावर विचार करत होता. त्याच्या घरात भुताला जागा नव्हती. दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेब, आणि आज्याच्या तोंडून ऐकलेलं एकच, की त्या अंधारातून आपण पाय काढलाय, परत टाकायचा नाही. लिफ्टीतसुद्धा हेच. कुणी बटण दाबलेलं नसतं, तरी लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबते, दार उघडतं, बाहेर चिटपाखरू नाही. बिल्डिंगीतल्या बाया घाबरतात. लहू वर जातो आणि चिकटलेला रिले, म्हणजे विजेचा खटका, बदलतो. कुठला तरी रिले चिकटलाय, लहू स्वतःला म्हणाला. स्टेडियमच्या भिंतीवरून आवाज परत येत असणार.

पण परत येणारा आवाज नंतर येतो. आधी येत नाही. हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो गप्प बसला. कारण रविवारी पहिली मॅच झाली आणि कुशलनं पाच पूर्णांक दोनची लाथ घातली. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, हा पोरगा कुठे लपवून ठेवला होता? नेपरव्हिलच्या मराठी ग्रुपवर फोटो आले. ग्रुपातल्या सुनेत्राकाकूंनी पेढे पाठवले. पोराच्या तोंडावर जे हसू लहूनं दोन कॅम्प झाल्यावर परत बघितलं नव्हतं, ते आलं. आणि बाप म्हणून सांगायचं तरी काय? बाळा, ती लाथ तुझी नाही?

दुसरी मॅच तशीच. तिसरी तशीच. फक्त लहूच्या कानाला फरक कळत होता. पुढचा आवाज, तो धक्क, भरत चालला होता. मागचा ठप्प बारीक होत चालला होता.

कुशल सोमवारी घरी यायचा. तिसऱ्या सोमवारी कांतानं पोळी लाटता लाटता विचारलं, "तू लंगडतोस का रे?"

"नाही आई."

"मग कंबर का चोळतोस म्हाताऱ्यासारखी? आणि चहात साखर का नाही घातलीस?"

"मला अशीच आवडते."

"कधीपासून? जन्मल्यापासून तीन चमचे घालणारा तू."

कुशलनं कपाकडे बघितलं. त्यालाही ते नवीन असल्यासारखं. "आय डोन्ट नो," तो म्हणाला. मग हळूच, "बाबा, ग्राउंडवर येता? जरा मारून बघायचंय."

घराजवळच्या शाळेचं ग्राउंड. सकाळचे अकरा वाजलेले, स्वच्छ ऊन, पायाखाली आदल्या दिवशीचा बर्फ. लहू नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. लांबवर कुशलनं दोन पावलं टाकली, पाय फिरवला. बॉल वर आला.

आवाज आलाच नाही.

बॉल लहूच्या छातीवर येऊन आदळला, तो आवाज आला. बाजूच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, कुणाचं तरी बर्फ काढायचं फावडं खरडत होतं. कुशलचा पाय बॉलला लागताना मात्र काही नाही, कापसावर कापूस पडावा तसं. परत मारला. काही नाही. दहा वेळा मारला. दहाव्या वेळी कुशल तिथंच बर्फात बसला.

लहू पळत गेला. "काय झालं?"

"मला लागत नाही, बाबा." "पाय बॉलला लागतो ना, ते कळतच नाही. आधी अंगठा गेला, आता घोट्यापर्यंत. स्टेडियममध्ये कुणीतरी माझ्या आधी मारतं. मी फक्त पाय उचलतो. यू थिंक आयम क्रेझी?"

लहू त्याच्या शेजारी बर्फात बसला. त्याला वाटलं आपण आता खोटं बोललो तर ते कायमचं. "मला ऐकू आलंय," तो म्हणाला. "दोन आवाज येतात."

"कधीपासून?"

"पहिल्या बुधवारपासून."

कुशलनं बापाकडे बघितलं. "यू न्यू? तीन आठवडे? आणि मी ग्रुपवर फोटो टाकत होतो तेव्हा तुम्ही हार्ट पाठवत होतात?"

"चुकलं माझं."

"का नाही सांगितलं?"

"तू हसत होतास," लहू म्हणाला.

कुशल बुटावरचा बर्फ झाडत राहिला. मग म्हणाला, "माझंही चुकलंय. एक सांगतो, हसू नका."

पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये त्याला हेगन भेटला होता. सतरा वर्षं आणि हातात पुठ्ठ्याचा एक बॉक्स. सोडायला कुणी आलेलं नाही. कुशलनं दार धरलं. हेगन म्हणाला, गुड लक, किड. आणि कुशलच्या तोंडून, लहानपणापासून घरात जे ऐकलं तेच निघालं. 'या हं परत. केव्हाही या, तुमचंच आहे.' ते तो इंग्रजीत बोलला.

"तो थांबला, बाबा. म्हणाला, आर यू शुअर? मी म्हटलं, ऑफ कोर्स सर, एनी टाइम. तर त्यानं बॉक्स खाली ठेवला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, थँक यू, मला कुणीच तसं म्हणालं नव्हतं."

लहूच्या दारातून आजवर कुणी 'या' ऐकल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. गॅसचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा कांता 'या परत' म्हणायची. आपल्याकडे समोरच्यालाही माहीत असतं की हे म्हणायचं असतं. पण अमेरिकन माणूस 'परत या' ऐकतो तेव्हा तो येतो.

कुशलनं तिथूनच हेगनला फोन लावला, स्पीकरवर. लहूला वाटलं होतं भांडण होईल. हेगनचा आवाज मऊ निघाला. "माझ्याही लक्षात आलंय, किड. नको येऊ म्हणतोस? बरं. मी तरी कुठे ठरवून येतो. वेळ झाली की पाय जातो."

"ट्राय करा, सर. प्लीज."

"करतो."

दोन दिवसांनी बुधवार. लहूनं सुट्टी टाकली आणि बेल्व्हिडियरला हेगनच्या घरी गेला. रॉकफर्डच्या अलीकडचं गाव, बुटकं घर, एकटा माणूस. हेगननं दार उघडलं तेव्हा लहूनं आधी पाय बघितले. डाव्या पायात घरातली सपात, उजव्या पायात खिळ्यांचा बूट, करकचून बांधलेला.

"काढायचा प्रयत्न केला," हेगन म्हणाला, लाजल्यासारखा. "दोन वाजत आले की मीच परत घालतो. बसा."

खिडकीसमोर मोठी खुर्ची होती. हेगन तीत टेकला. लहूनं फोन लावला, तिकडे कुशलनं फोन चालू ठेवून मैदानाच्या बाकावर ठेवला. दोनला प्रॅक्टिस सुरू झाली. फोनमधून शिट्ट्या, रस्टीचं ओरडणं. इकडे हेगनचे डोळे मिटले. खोलीत हीटर चालू होता, तरी लहूच्या तोंडून वाफ निघायला लागली.

हेगनचा बूट गालिच्यावरून दोन बोटं उचलला गेला. फोनमध्ये आवाज आला. धक्क.

परत दोन बोटं. परत धक्क. लहू मोजत गेला. अकरा वेळा. ठप्प एकदाही नाही. अकराव्यानंतर हेगननं डोळे उघडले, घामानं भिजलेला. लहू गुडघ्यांवर बसला आणि त्यानं त्या बुटाखालून काहीतरी उचललं. रबराचे काळे बारीक दाणे. स्टेडियमच्या नकली गवतात टाकतात तसले. बोटांत चुरडून बघितले. थंड होते, ओले होते. माणूस खुर्चीतून हलला नव्हता.

आज्याचा शब्द, रिले, भिंत, सगळं लहूच्या डोक्यातून एकदा फिरून गेलं आणि कुठंच बसलं नाही.

"पोराचं काय होईल?" त्यानं विचारलं.

"लाथा चांगल्या होतील," हेगन म्हणाला. "माझ्याशिवाय तो सव्वाचारचा आहे, लहू. माझ्याबरोबर पाचचा."

"आणि त्याचा पाय?"

हेगन खिडकीबाहेर बघत राहिला. "माझ्याआधी जो होता ना," तो म्हणाला, "त्याला मी कधी परत या म्हणालो नाही. मला त्याचं नावही आता आठवत नाही. तुमचा पोरगा चांगला आहे. मला त्याचं वाईट करायचं नाही. पण मी जाऊ कुठे? दोन वाजता, रविवारी बारा वाजता, मी असू कुठे?"

घरी येऊन लहूनं सगळं सांगितलं. कुशल फोनवर होता. तो एवढंच म्हणाला, "बाबा, मला माझी लाथ पाहिजे. सव्वाचार तर सव्वाचार." आणि कांता, जी लहूला वाटलं होतं हसेल नाहीतर चिडेल, ती कणकेचा हात तसाच धरून म्हणाली, "त्याला जा म्हणून उपयोग नाही. आपल्या तोंडून निघणार नाही आणि तो जाणार नाही. त्याला बसवून ठेवायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवायला बसवायचं. भरल्या ताटावरून माणूस उठतो का कुठे?"

चौथ्या मॅचला बर्फाच्या वादळानं रस्ते बंद, हेगनकडे जाता आलं नाही. कुशलनं पाच पूर्णांक तीनची लाथ मारली आणि मॅचनंतर जिना चढताना त्याला रस्टीनं धरून नेलं. आता राहिली शेवटची, रॉकफर्डलाच, रविवार, दुपारी बाराची. पोराला ठेवायचं की नाही ते याच मॅचनंतर कोच सांगणार. बापाचं तिकीट पहिल्या रांगेतलं होतं. लहूनं ते रस्टीच्या बायकोला दिलं आणि बेल्व्हिडियरचा रस्ता धरला. मागच्या सीटवर कांता, मांडीवर मटणाचं पातेलं.

अकरा वाजता ती हेगनच्या स्वयंपाकघरात शिरली. ऑग्डन रस्त्यावरच्या देशी दुकानातलं बाजरीचं पीठ, घरचा ठेचा, तांदळाची खीर. हेगन दारात उभा राहून बघत होता.

"मॅडम, मला एवढी भूक..."

"बसा, भाऊ," कांता मराठीतच म्हणाली. "हातानं खायचं. चमचा मागायचा नाही."

हेगन बसला. टेबल टीव्हीसमोर ओढलं होतं. लहूनं आवाज मोठा केला. मैदानातले माइक सगळं टिपतात, लाथसुद्धा. बारा वाजले. पहिल्या दहा मिनिटांतच फोर्जचं अडलं आणि कुशल आत आला. पडद्यावर एवढासा.

हेगनच्या पापण्या जड झाल्या. बूट हलला.

"भाकरी घ्या," कांतानं गरम भाकरी ताटात टाकली. "कुस्करा. अहो, त्यांना सांगा कुस्करायला."

"क्रश इट," लहू म्हणाला. "विथ द फिंगर्स. हार्ड."

हेगननं डोळे उघडले. भाकरीकडे बघितलं. बोटं घातली, भाजली, हात झटकला. टीव्हीतून आवाज आला. ठप्प.

एकच.

बॉल वर गेला, फार नाही. चार पूर्णांक एक. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, सरवदेची आज सुरुवात ढिली. कांतानं रस्सा वाढला.

दुसऱ्या वेळी ठेचा दिला. हेगनच्या डोळ्यांतून पाणी, कानांपर्यंत लाल, पाणी पाणी करत होता, पाय विसरला. ठप्प. तिसऱ्या वेळी खीर. ठप्प. लाथा सगळ्या साध्या. एक तर वाऱ्यानं तिरकी गेली. पब्लिक कुरकुरायला लागलं. टीव्हीवाले विचारायला लागले की याला झालंय काय. लहू दर लाथेला मांडीवर मूठ आपटायचा आणि त्यालाच कळत नव्हतं की आनंदानं की दुसऱ्या कशानं.

मग शेवटची दोन मिनिटं आली. फोर्ज दोन पॉइंटांनी पुढे. आणि अडले ते अगदी स्वतःच्या गोलपाशी. कुशल मागच्या रेषेला पाय टेकवून उभा. ही लांब गेली तर मॅच आपली. आखूड पडली तर समोरच्यांना सोपं. एवढं तर कांतालाही कळत होतं.

हेगननं ताट बाजूला सारलं.

"पोट भरलं," तो म्हणाला.

"थोडं घ्या हो, भाऊ."

"पोट भरलं, मॅडम." त्यानं हात पुसले आणि कांताकडे नाही, लहूकडे बघितलं. "ही एक मला जाऊ द्या. बाकीच्या राहू देत. ही त्याची नोकरी आहे, लहू. तुम्हाला माहीत आहे."

खोलीत थंडी उतरली. खिडकीची काच आतून पांढरी झाली. बुटाखाली काळे दाणे पडायला लागले, टप टप, आणि माणूस तर अजून खुर्चीतच होता. लहूच्या हातात रश्श्याचा डाव होता. त्याला हवं होतं. खोटं कशाला, त्याला जीव तोडून हवं होतं. एकच लाथ. एकानं काय होतंय. पोरगा राहील, पुढचं पुढे बघू. कांता त्याच्याकडे बघत होती. हे तिनं त्याच्यावर सोडलं होतं.

टीव्हीवर रस्टी वाकला.

लहूनं डाव ताटात रिकामा केला, खाली फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी तो बूट दाबून धरला. "बसा," तो म्हणाला. "अजून वाढलंय तुम्हाला." बूट बर्फाच्या लादीसारखा. आत पाय नव्हताच जणू, काहीतरी वर रेटत होतं, सुटलेल्या लिफ्टला नुसत्या हातांनी थोपवावं तसं. त्याचे खांदे भरून आले. वर हेगन कण्हत होता, "लेट मी, लेट मी," आणि कांता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तान्ह्या पोराच्या फिरवावा तसा.

ठप्प.

लहूनं टीव्ही बघितला नाही. आवाजावरून कळलं, बॉल बोटांच्या बाजूला लागलाय. लाथ वाईट. अडतीस यार्ड. समोरच्यानं धरला आणि पंधरा परत आणला. शेवटच्या काही सेकंदांत त्यांनी तीन पॉइंट काढले आणि मॅच गेली.

बूट लहूच्या हाताखाली हळूहळू ढिला पडला. आता आत पाय होता. माणसाचा, गरम.

"फार वाईट लाथ होती," हेगन म्हणाला. त्याचा श्वास अजून बसला नव्हता.

"हो," लहू म्हणाला. "त्याची होती."

अर्ध्या तासानं कुशलचा फोन आला.

"बाबा, मॅच गेली."

"कळलं."

"कोच म्हणाला उद्या सकाळी ये, येताना टीमची वही घेऊन ये." वही परत मागतात ती काढून टाकताना. लहूला हे दोन कॅम्पांपासून माहीत होतं. तो काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, "बाबा, माझा अंगठा सुजलाय. लाल लाल झालाय. इट हर्ट्स सो मच, यार." आणि तो हसायला लागला, फोनमध्ये, नाक ओढत, थांबेचना. "तुम्हाला ऐकू आला ना?"

"आला. एकच आला."

"पहिल्या रांगेत तुम्ही नव्हतात."

"नव्हतो," लहू म्हणाला. "बर्फ लाव त्याला. आईनं मटण ठेवलंय तुझ्यासाठी."

फोन ठेवला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, काचेवरचा पांढरा थर ओघळत होता. कांता डबे धुऊन एकात एक घालत होती. लहू जाकीट घालायला उठला. निघावं, पोरगा रॉकफर्डला एकटा असेल.

हेगन ताटावर वाकून बोटानं रस्सा निपटत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "आता ते नवा आणतील ना? ऑगस्टमध्ये?"

"आणतील."

"पोरगाच असेल कुणीतरी." त्यानं बोट चाटलं. "त्यानं मला अजून बोलावलं नाही." टेबलाखाली उजवा बूट एकदा, अगदी हळू, जमिनीवर टेकला आणि परत उचलला.

लहूनं कांताकडे बघितलं. कांतानं पुसून ठेवलेलं झाकण परत उघडलं. लहूनं जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं, समोर बसला आणि म्हणाला, "वाढ गं त्यांना अजून थोडं. आणि मलाही एक ताट दे."